सहस्रधारेवर पाण्याचं दूध करू नका

महेश्वरचा घाट, किल्ला, साड्या यांवर भरपूर लिहिलं गेलंय. तीन दिवसांतले अडीच मी तिथेच घालवले आणि छान गेले. लिहायचंय ते उरलेल्या एका सकाळीबद्दल.

मुक्काम मंडलेश्वरला आत्याकडे होता. पहाटे साडेचारला निघालो तर ती आधीच उठून पोहे परतत होती. "नदीवर उपाशी जायचं नसतं रे." वर इंदूरहून मीच नेलेली शेव. खाऊन निघालो आणि उजाडायच्या आत जलकोटीजवळ सहस्रधारेला पोचलो.

इथे नर्मदा काळ्या बेसाल्टवर फुटून असंख्य धारांनी वाहते. सहस्रार्जुनाने हजार हातांनी तिला अडवलं आणि ती बोटांच्या फटींतून निसटली, अशी कथा. खडकावर उभं राहिलं की ती पटते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा थर. त्यात जिथे भेग, तिथे पाणी शिरलंय.

गेली बारा वर्षं मी पाण्याचे फोटो एकाच पद्धतीने काढत आलो. लेन्सवर काळा फिल्टर चढवायचा, शटर सेकंद-दोन सेकंद उघडं ठेवायचं, की पाणी दुधासारखं उमटतं. इंदूरजवळचा पाताळपाणी धबधबा तसाच टिपला, चोरल नदीही तशीच. सगळ्यांना आवडायचे, मलाही.

त्या दिवशी ट्रायपॉड लावताना पायाशी आवाज आला. खट... खट-खट. वाकून पाहिलं तर गुडघाभर खोल रांजणखळगा. घागरीसारखा गोल, आतून गुळगुळीत, तळाशी सहा-सात गोटे. एका बाजूने धार आत यायची, भोवरा धरायची आणि गोटे भिंतीवर आपटत फिरायचे. खळगा खोदणारी हत्यारं समोर, काम चालू! आणि माझ्या कॅमेऱ्यात त्या जागी नुसता पांढरा डाग.

फिल्टर काढून टाकला. शटर एका सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर नेलं. आता पाण्याचा काचेसारखा ओठ दिसला, त्यात अडकलेली वाळू दिसली. आणि खळग्याची कड जशी वळली होती, अगदी तशीच वळून पाणी आत उतरत होतं. कोणी कोणाला वळण दिलं, हे त्या फोटोत दिसतं. दूध केलेल्या पाण्यात ते पुसलं जातं. इतकी वर्षं मी तेच पुसत होतो, याचं मला खरंच वाईट वाटलं.

पुढचे दोन तास एकाच उभ्या लाटेपाशी बसलो. खडकाच्या पायरीखाली ती जागच्या जागी उभी असते, पाणी मात्र तिच्यातून निघून जातं. 2023 च्या सुरुवातीला खेलो इंडियाच्या कनू स्लॅलम, म्हणजे खळाळत्या पाण्यातून छोटी होडी वल्हवत नेण्याच्या, स्पर्धा इथेच झाल्या, त्या याच खळाळामुळे. फोटो काढताना चमक घालवणारा ध्रुवीकरणाचा (पोलरायझर) फिल्टरही वापरू नका. ओल्या काळ्या दगडाची चमक मारली तर त्याचा आकारच जातो.

नऊच्या सुमारास नावाडीदादा ओरडले, पाणी चढतंय, काठावर या. वर ओंकारेश्वरला धरण आहे. वीज करायला पाणी सोडलं की इथली पातळी वाढते. मी सामान उचललं. मधल्या खडकावरचा सेल्फीवाला घोळका हलेना, वर स्पीकर चालू. 2005 साली नदीच्या वरच्या बाजूला धाराजीच्या मेळ्यात असंच धरणाचं पाणी आलं आणि साठहून जास्त माणसं गेली. हे आपल्याकडे कुणाला आठवत कसं नाही? दादांनी नाव नेऊन एकेकाला उतरवलं. एकाही तोंडून आभाराचा शब्द नाही. माझा संताप अजून गेलेला नाही.

तोवर माझा खळगा पाण्याखाली गेला होता.

दुपारी आत्याला मोबाईलवर फोटो दाखवले. घाटाचे, सूर्योदयाचे तिने भराभर सरकवले. खळग्यापाशी थांबली. "अगं बाई, हे तर आपलं उखळ!" म्हणाली, चष्मा लावला आणि दोन बोटांनी फोटो मोठा करून आतले गोटे मोजत बसली.