लंडनच्या महापौराचा पुतळा लेस्टरमध्ये कशासाठी?

इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या भर बाजारात १८६८ साली बांधलेला घड्याळाचा मनोरा आहे आणि त्यावर चार उपकारकर्त्यांचे पुतळे आहेत. भारतातून येणारे पाहुणे तिथे हमखास थांबतात, नावे वाचतात आणि विचारतात, की हा सर थॉमस व्हाइट तर लंडनचा महापौर, मग त्याचा पुतळा इथे कशाला? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हाइटचा जन्म १४९२ च्या सुमारास रेडिंगमध्ये, कापडाच्या धंद्यातल्या घरात झाला. लहान वयातच तो लंडनमध्ये ह्यू अॅक्टन या मर्चंट टेलर्स कंपनीतल्या (म्हणजे कापड-शिंपी व्यावसायिकांच्या संघातल्या) व्यापाऱ्याकडे उमेदवारीला राहिला. १५२० मध्ये वारलेल्या या मालकाने त्याच्या नावे १०० पौंड ठेवले होते, आणि व्हाइटला स्वतंत्र धंदा उभारायला ही रक्कम उपयोगी पडली. पुढे त्याने केलेल्या दानाचे मूळ मला इथे दिसते, कारण कसबी पण रिकाम्या हाताच्या तरुणाला पहिले भांडवल मिळाले की काय होते, हे त्याने स्वतःच अनुभवले होते.

सार्वजनिक पदांची त्याला फारशी हौस नसावी. १५४४ मध्ये शहराच्या आल्डरमनपदी (म्हणजे नगरपालिकेच्या ज्येष्ठ सभासदपदी) निवड झाली तेव्हा त्याने नकार दिला; त्यावर त्याला न्यूगेटच्या तुरुंगात धाडण्यात आले आणि तो हट्ट सोडीपर्यंत त्याच्या दुकानाच्या खिडक्या बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. (पदासाठी धडपडणारे पुष्कळ पाहिले, पद घ्यावे म्हणून कोठडीत टाकलेला हा एकच.) १५५३ मध्ये तो महापौर झाला, मेरीआधी नऊ दिवस राणी म्हणून घोषित झालेल्या लेडी जेन ग्रेच्या खटल्यातल्या न्यायमंडळावर बसला, आणि पुढच्या वर्षी राणी मेरीविरुद्धच्या वायटच्या बंडाच्या वेळी मेरीच्या बाजूने त्याने लंडन राखले. १५५५ मध्ये त्याने ऑक्सफर्डला सेंट जॉन्स कॉलेज स्थापन केले. त्याचे नाव बहुतेकांना या कॉलेजमुळेच ठाऊक असते.

लेस्टरचा संबंध मात्र त्याआधीचा आहे. १५४२ मध्ये त्याने कोव्हेंट्रीच्या नगरपालिकेला १,४०० पौंड दिले. राजा आठव्या हेन्रीने ख्रिस्ती मठ बंद पाडून जप्त केलेल्या जमिनी तेव्हा विक्रीला होत्या; त्या पैशातून नगरपालिकेने जमिनी घेतल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून ठरावीक रक्कम कोव्हेंट्री, नॉर्दम्प्टन, लेस्टर, नॉटिंगहॅम आणि वॉरिक या पाच शहरांना आळीपाळीने मिळू लागली. ज्या शहराची पाळी, तिथल्या होतकरू तरुणांना ती बिनव्याजी कर्जाऊ द्यायची. परत आलेली मुद्दल त्याच शहरात राहणार आणि पुन्हा दुसऱ्या तरुणाकडे जाणार. आपल्याकडच्या भिशीसारखीच ही पाळी, फक्त कुठल्याच शहराला हप्ता भरायचा नव्हता. पुढे ब्रिस्टलला २,००० पौंड देऊन त्याने हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला: दर वर्षी १०४ पौंड, २४ शहरे पाळीपाळीने, आणि चार तरुणांना प्रत्येकी २५ पौंड, १० वर्षांच्या मुदतीने, शक्यतो कापडाच्या धंद्यासाठी.

माझ्या मते यातली खरी हुशारी पाळीत आहे. एकाच शहराला सगळे दिले असते तर हिशेब विचारायला बाहेरचे कुणी उरले नसते. इथे जमिनी सांभाळणाऱ्या शहरावर इतर चार शहरांची नजर राहिली, आणि ती राहणे जरुरीचेच होते. जमिनींचे उत्पन्न वाढत गेले तसे कोव्हेंट्रीच्या नगरपालिकेने इतरांना जुनाच आकडा देऊन वरची रक्कम आपल्याकडे ठेवायला सुरुवात केली. प्रकरण न्यायालयात गेले, १८ व्या शतकाच्या आरंभी हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचले आणि निकाल कोव्हेंट्रीच्या विरोधात लागला.

राणी पहिल्या एलिझाबेथच्या कारकिर्दीत कापडाचा व्यापार मंदावला तसा व्हाइटचा हातही आखडला, आणि अखेरच्या वर्षांत कबूल केलेली दाने पुरी करताना त्याची ओढाताण झाली. १५६७ च्या फेब्रुवारीत तो वारला. मृत्यूच्या काही दिवस आधी त्याने कॉलेजच्या लोकांना पत्र लिहून आपसांत प्रेमाने राहण्याची विनंती केली होती. त्याचे दफन कॉलेजच्या प्रार्थनामंदिरात झाले आणि श्रद्धांजलीचे लॅटिन भाषण एडमंड कॅम्पियनने केले. पुढे १५८१ मध्ये कॅथलिक धर्मप्रसाराच्या कार्यापायी देहदंड झालेला कॅम्पियन तो हाच.

यानंतरचा तुमचा प्रश्न बहुधा असा असेल, की हे सगळे आता इतिहासजमा झाले का. तसे झालेले नाही. लेस्टरशायरमध्ये त्याच्या नावाची संस्था आजही तरुणांना व्यवसायासाठी आणि शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज देते. त्यासाठी इथले रहिवासी असावे लागते, वयाची अट पाळावी लागते, आणि जामीन लागतोच.