आठ प्रवासी आणि नववी मी

फोनवर पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो. "वहिनी, आम्ही घरचेच बारा जण आहोत, नैनितालच्या सहलीचा एक गट आमचाच करून टाका ना." मी नाही म्हणते. पलीकडे थोडं थांबतात आणि मग विचारतात, "भाव वाढवून हवाय का?" भावाचा प्रश्न नसतो. नैनितालच्या पालाच्या होडीत नावाडी सोडून तीन माणसं नीट बसतात, आणि आमचा विश्वास बसलेले नावाडी आहेत तीन. तीन त्रिक नऊ. त्यात एक जागा माझी, म्हणून प्रवासी आठ. हा हिशेब फोनवर कितीदा सांगायचा, म्हणून एकदा लिहूनच काढते. आमच्या सहलींच्या फर्मची वाटचालही त्यात आपोआप येईल.

सुरुवात सासऱ्यांची. इंदूरच्या रामबागेतून त्यांची बस निघायची. काशी-प्रयाग-गया, अष्टविनायक, दिवाळीनंतर ओंकारेश्वर-महेश्वर. टपावर पातेली, शेगडी, तांदळाची पोती. मागच्या सीटवर आचारी आणि त्याचा हाताखालचा पोरगा. जिथे मुक्काम तिथे पिठलं-भात. प्रवासी सगळे आपलेच: लोकमान्यनगर, सुदामानगर, टिळकनगर. बसचं गणित सरळ होतं. डिझेल, परमिट, ड्रायव्हर, आचारी हा खर्च माणसं वीस असोत की पन्नास, तेवढाच. शेवटच्या दहा सीट भरल्या की त्यात नफा. त्यामुळे सासरे शेवटच्या आठवड्यात सायकलवरून घरोघर जायचे, आणि "काकू, यंदा गयेला जाऊन या, राहिलंय ना तुमचं" असं म्हणून त्या दहा सीट भरून यायचे. हे कसब माझ्या नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे तर मुळीच नाही.

पुढे मुलं आईवडिलांची तिकिटं पुण्याहून, बंगळुरूहून फोनवरच काढायला लागली. हॉटेल फोनवर, टॅक्सी फोनवर. बस अर्धी रिकामी धावायला लागली. मग मार्च २०२० आला. चारधामचे आगाऊ घेतलेले पैसे परत केले, हप्ते चालूच राहिले, शेवटी बस विकली. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. या धंद्यातल्या सगळ्यांचंच तसं झालं.

बस गेली आणि घरात एक इनोव्हा उरली. मुलगी तेव्हा भोपाळला शिकत होती आणि तिथल्या मोठ्या तळ्यावर पालाची होडी चालवायला शिकली होती. तिच्या नादानं मीही एकदा बसले. इंदूरच्या बाईला पाणी म्हणजे नर्मदेचा घाट नाहीतर यशवंत सागर, तेही काठावरून. मोठं तळं राजा भोजाचं, अकराव्या शतकातलं, पसारा तीस चौरस किलोमीटरच्या वर. उघडं पाणी, त्यामुळे वारा अडत नाही. एका बाजूनं लागला की लागून राहतो. शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही. मी इनोव्हात बसतील तेवढी माणसं घेऊन भोपाळच्या एका दिवसाच्या फेऱ्या सुरू केल्या. पहाटे निघायचं, आष्ट्याला पोहे, दुपारभर पाण्यावर, रात्री घरी. २०२३ साली राष्ट्रीय हरित लवादानं भोज पाणथळीत, म्हणजे याच तळ्यावर, क्रूझ आणि मोटारबोटी बंद करायला सांगितलं. आमचं काही अडलं नाही. पालाला डिझेल लागत नाही.

भोपाळला येऊन गेलेल्यांनीच विचारायला सुरुवात केली, की डोंगरात असं कुठे आहे का. आहे. नैनितालचं तळं समुद्रसपाटीपासून सुमारे १,९३८ मीटरवर. लांबी दीड किलोमीटरच्या आत, रुंदी अर्ध्या किलोमीटरहून कमी, सगळ्यात खोल जागी सुमारे २७ मीटर. म्हणजे भोपाळच्या तळ्याच्या एका कोपऱ्यात मावेल एवढं. पण या एवढ्याशा पाण्यावर शंभराहून अधिक वर्षं पालाच्या लाकडी होड्या चालताहेत. लिंटन होप या इंग्रज आरेखकाच्या आराखड्यावरच्या या होड्यांना तिथे हाफ रेटर म्हणतात. अरुंद, हलक्या, पाण्याला अगदी लगटून बसलेल्या. काठावरच्या वल्ह्याच्या होड्यांत सहा माणसं कोंबली तरी चालतं, हिच्यात चौथा प्रवासी बसवला की ती बिघडते. बिघडते म्हणजे बुडत नाही, पण वळायला कुरकुर करते, आणि मग तिच्यात बसण्यात काही मजा राहत नाही.

डोंगरातला वारा मला नवा होता. सकाळी तळं आरशागत असतं, तेव्हा पाल उभारून काही उपयोग नाही. ऊन चढलं की उतार तापतात, हवा वर सरकते आणि तिची जागा घ्यायला खालच्या दरीतली हवा येते. तीन बाजूंना डोंगर: चीना पीक, अयारपाटा, शेर का डांडा. उघडी बाजू तल्लीतालची, जिथून तळ्याचं जास्तीचं पाणी खाली जातं. दुपारचा वारा बहुधा तिकडूनच आत शिरतो. पण डोंगराला आपटून तो कुठून परत फिरेल ते सांगता येत नाही. पाण्यावर एक काळसर सुरकुती धावत येताना दिसते, नावाडी डोळे बारीक करतो, आणि ती होडीला लागायच्या आत त्याच्या हातातला दोर सैल झालेला असतो. हे बघायला शिकलं की अर्धं काम झालं.

वाऱ्याच्या तोंडावर होडी सरळ जात नाही. साधारण पंचेचाळीस अंशांचा तिरका कोन धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असं नागमोडी कापत वर जायचं. प्रत्येक वळणावर तीच कवायत. नावाडी सुकाणूचा दांडा ढकलतो, होडीचं नाक वाऱ्यातून फिरतं, पाल क्षणभर ढिली पडून फडफडते आणि तिचं खालचं लाकूड सगळ्यांच्या डोक्यावरून पलीकडे जातं. "दीदी, सिर नीचे!" ही हाक आमच्या गटातला प्रत्येक जण घरी गेल्यावरही म्हणून दाखवतो. त्याच क्षणी आपण बाक बदलायचा, आणि पुढच्या छोट्या पालाचा दोर ज्याच्या हातात असेल त्यानं तो नव्या बाजूनं ओढायचा. तो दोर आम्ही प्रवाशाच्याच हातात देतो. निवृत्त गणिताच्या एक बाई होत्या. पहिल्या वळणाला त्यांनी दोर सोडलाच नाही, होडी तशीच वाऱ्यात अडकून मागे सरकायला लागली. नावाडी काही बोलला नाही. त्यानं बाईंच्या बोटांवर दोन टिचक्या मारल्या. दुसऱ्या वळणाला दोर वेळेवर सुटला, तिसऱ्याला बाई त्याच्या आधीच "सिर नीचे" ओरडल्या. आता सांगा, पन्नास माणसांच्या बसमध्ये हे कसं बसवायचं? माणसं आठ असतात म्हणून प्रत्येकाच्या हातात दोर येतो. बाकी आमच्या सहलीत विशेष काही नाही. हॉटेल चांगलं, जेवण चांगलं, पण ते कुणीही देईल.

वाऱ्यानं आमचं वेळापत्रक उलटं केलं. इतर सहलवाले सकाळी सहाला उठवून पॉइंट दाखवायला नेतात. आमच्याकडे सकाळ मोकळी: नैनादेवीचं दर्शन, तळ्याकाठी चक्कर, गरम चहा, इंदूरहून नेलेली शेव आणि जीरावन मसाला घालून पोहे. आचारी आता बरोबर नसतो, पण जीरावनाची बाटली माझ्या पर्समध्ये असते. अकराच्या पुढे पाण्यावर. हॉटेल सपाटीवरचं निवडतो, कारण नैनितालात वरच्या अंगाच्या हॉटेलातून दृश्य फार सुंदर दिसतं आणि गुडघ्यांचा जीव जातो.

लाइफ जॅकेटचा एक किस्सा सांगितलाच पाहिजे. काठावर मिळणारी जॅकेटं एकाच मापाची असतात, म्हणून आम्ही तीन मापांची आमचीच नेतो. ज्याचा पट्टा दोन पायांमधून घेऊन पुढे अडकवायचा असतो, तेच जॅकेट पाण्यात वर सरकत नाही. आता पाचवारी नेसलेल्या काकूंना हा पट्टा कसा लावायचा? माहितीपत्रकात आम्ही ठळक लिहितो की पंजाबी ड्रेस किंवा ट्रॅक पॅन्ट आणा. तरी एक आजी नऊवारीत आल्या. मी काळजीत. त्यांनी पट्टा घेतला, काष्ट्यावरून लावला आणि विचारलं, "यात अडचण काय होती?" पोहता येणं मात्र अट नाही. जॅकेट काढायचं नाही, ही अट आहे.

आता पैशांचं. ज्या सहलीचा जीव वारा, त्या सहलीत वाऱ्याची हमी कशी द्यायची? आम्ही देत नाही. करारात स्वच्छ लिहिलंय: वारा पडला तर होडीचं भाडं परत, बाकीचे पैसे परत नाहीत. संध्याकाळी वल्ह्याच्या होडीतून फेरी आमच्याकडून. सुरुवातीला नवरा म्हणाला, असं लिहिलंस तर इंदूरचा माणूस येणारच नाही, त्याला पैसा वसूल हवा. काही जण खरंच नाही आले. एका गृहस्थांनी फोनवर विचारलं होतं, वारा नक्की किती वाजता सुटतो, म्हणजे ते त्याप्रमाणे जेवतील. त्यांना मी प्रेमानं दुसरी सहल सुचवली. पण जे ती ओळ वाचून, हसून सही करतात, ते पुढे कशाचीच तक्रार करत नाहीत. प्रवासी निवडायचं काम ती एक ओळ करते. सासरे घरोघर जाऊन जे करायचे त्याच्या बरोबर उलट.

माणशी खर्च अर्थातच जास्त पडतो. इंदूरहून रात्रीच्या गाडीनं दिल्ली, दिवस दिल्लीत, रात्री जुन्या दिल्लीहून रानीखेत एक्स्प्रेस, पहाटे काठगोदाम, तिथून घाटातून सुमारे ३५ किलोमीटर. विमानानं यायचं त्यांनी दिल्लीपर्यंत यावं, पण काठगोदामची गाडी सगळ्यांनी एकत्रच धरायची. त्या रात्रीच्या डब्यात आठ माणसांची ओळख होते, आणि होडीत ज्याच्या वजनावर आपला तोल असतो त्याचं निदान नाव माहीत असलेलं बरं.

नावाडी तळ्याच्या मधोमध हमखास बॅरनची गोष्ट सांगतात. शाहजहानपूरचा हा साखरेचा व्यापारी १८४१ साली इथे पोचला आणि पुढच्या वर्षी होडीच डोंगरावर घेऊन आला. तळं आणि भोवतालची जमीन स्थानिक थोकदार, म्हणजे जमीनदार, नरसिंह याच्या मालकीची. बॅरननं त्याला होडीतून मधोमध नेलं आणि कागदावर सही कर, नाहीतर इथेच पाण्यात टाकतो, असं बजावलं म्हणतात. सही झाली. आमचे प्रवासी यावर हसतात आणि माझ्याकडे बघतात. आमचा करार जमिनीवरच, इंदुरात, चहा पिता पिता होतो, हे मला दरवेळी स्पष्ट करावं लागतं.

दुसरा नेहमीचा प्रश्न पाण्यातल्या बुडबुड्यांचा. मासे नाहीत ते. डोंगरांनी वेढलेलं लहान तळं, वस्ती काठापर्यंत, त्यामुळे तळाशी प्राणवायू कमी पडायचा. २००७ पासून नळ्यांनी तळात हवा सोडतात.

कधी जायचं याबद्दल आम्ही हटवादी आहोत. पावसाळ्यात नाही. १८ सप्टेंबर १८८० ला मुसळधार पावसानंतर शेर का डांड्याचा उतार कोसळून १५१ माणसं गेली; तळ्याच्या वरच्या टोकाला, मल्लीतालला, आज जे मैदान आहे, ज्याला फ्लॅट्स म्हणतात, त्यात त्या दरडीचा मलबा आहे. त्या उताराकडे बघत जुलैत गट नेण्याची माझी छाती नाही. मे संपत आला की शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी, गाड्या शहराबाहेरच अडवतात. १५ जूनला जवळच्या कैंची धाम आश्रमाचा वार्षिक मेळा, त्या सुमारास तिकडे जाणारा भवालीचा रस्ता तासन्‌तास तुंबतो. उन्हाळ्यात तळ्याची पातळीही उतरते, कडेचा गाळ उघडा पडतो. म्हणून एप्रिल आणि मेचा पहिला भाग, नाहीतर पाऊस सरल्यावर ऑक्टोबर. एवढंच. वर्षातले उरलेले महिने भोपाळच्या फेऱ्या, महेश्वर आणि मांडूवर घर चालतं, हे लपवण्यात अर्थ नाही. नैनिताल आमचं नाव आहे, पोट नाही.

मुलगी आता धंद्यात आली आहे. तिचं म्हणणं, चौथा नावाडी बघू आणि गट अकराचा करू. नवीन नावाड्याबरोबर आधी एक अख्खा हंगाम आपण दोघींनी बसायचं, मगच प्रवासी, असं मी तिला सांगितलंय. एक तरुण पोरगा तिनं हेरून ठेवलाय. हात हलका आहे, पण मोबाइल फार बघतो. यंदाच्या ऑक्टोबरच्या गटात आठवी जागा रिकामी आहे. दोन नावं आली आहेत, दोघं नवरा-बायको आहेत, आणि एकमेकांना सोडून एकटं जायला कुणी तयार नाही. तेव्हा एकट्यानं येणारं कुणी असेल तर दसऱ्याच्या आत कळवावं.