पोयाकची जुनी बाटली उघडताना
पोयाक हे फ्रान्सच्या बोर्दो प्रदेशातलं, जिरोंद नदीमुखाच्या डाव्या काठावरचं रेड वाइनचं गाव. इथे राज्य कॅबर्ने सोव्हिन्यों या काळ्या द्राक्षाचं. वीसेक वर्षांची बाटली आदल्या दिवशीच उभी करा, गाळ तळाशी बसतो. डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत) ओतताना बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरा. गाळाची काळी रेघ दिसली की थांबा. वाइन १६ ते १८ अंशांवर हवी. पुण्या-मुंबईच्या खोलीत ती तापते आणि नाकात नुसतं अल्कोहोल शिरतं. ग्लास तिसरा हिस्साच भरा. आधी न हलवता हुंगा, मग घोळवून: काळा करंट (एक आंबटगोड बेरी), देवदार, पेन्सिलला टोक करताना निघतो तो भुसा. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचाचा दोष. कितीही हवा द्या, तो जात नाही. घोट तोंडभर फिरवा. टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतला तुरटपणा, हिरड्या आवळतं, कच्च्या सुपारीसारखं, पण उत्तम वाइनमध्ये ते मखमली लागतं आणि गिळल्यावरही चव रेंगाळते.