तुम्ही विचारलंत म्हणून: रोज मृत्युलेख का वाचता?

"सकाळी सकाळी मेलेल्या माणसांबद्दल वाचून उदास नाही का वाटत?" इतक्या जणांनी हे विचारून झालंय की आता एकदाच काय ते लिहून टाकते.

नाही वाटत. मृत्युलेखात मरण जेमतेम अर्ध्या ओळीचं असतं. 'अल्पशा आजाराने' म्हटलं की त्याचं काम संपलं. उरलेला सगळा मजकूर जगण्याचा. (तोही पुष्कळदा आधीच लिहून तयार असतो. हॉलीवूडची नटी एलिझाबेथ टेलर २०११ मध्ये गेली, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने छापलेल्या लेखाचा लेखक मेल गसो २००५ मध्येच वारला होता!)

मी त्यात एखादं न जुळणारं वाक्य शोधत असते. मार्गारेट ॲबट या बाईंनी १९०० साली पॅरिसमध्ये गोल्फची स्पर्धा जिंकली. ती ऑलिंपिकमधली होती हे त्यांना कधी कळलंच नाही, आणि १९५५ मध्ये त्या वारल्या. अख्खं आयुष्य एका बातमीवाचून! त्यांच्यावर त्याच टाइम्सने लिहिलं ते थेट २०१८ मध्ये, राहून गेलेल्यांसाठी सुरू केलेल्या सदरात. त्या सदरातल्या पहिल्या पंधरा जणींत इंग्रज कादंबरीकार शार्लट ब्राँटे होती, आपली मधुबालाही होती. कोणाचं जगणं छापण्याजोगं वाटलं नाही, ही यादी मला छापलेल्यांच्या यादीपेक्षा जास्त बोलकी वाटते.

छापलं तरी कुठून सुरुवात केली, हेही बघावं. रॉकेट-शास्त्रज्ञ इव्हॉन ब्रिल यांनी उपग्रह कक्षेत जागेवर ठेवणारं इंजिन शोधलं. २०१३ मध्ये त्या गेल्या, आणि त्यांच्यावरचा लेख सुरू झाला त्या बीफ स्ट्रोगॅनॉफ हा पदार्थ किती छान करायच्या, इथून. नवऱ्याच्या नोकरीमागे गावं बदलली, मुलांसाठी आठ वर्षं घरी राहिल्या, वगैरे. रॉकेट दुसऱ्या परिच्छेदात! वाचक खवळले, सुरुवात बदलली. मला विचाराल तर स्ट्रोगॅनॉफ राहू द्यायला हवं होतं, चौथ्या-पाचव्या परिच्छेदात. आणि मोठ्या शास्त्रज्ञ पुरुषांच्या लेखांतही ते घरी काय करायचे, हे कुणीतरी लिहावं. वाचायला मजा येईल.

बाकी शब्दांचे अर्थ सवयीने कळायला लागतात. 'स्पष्टवक्त्या' म्हणजे तोंडाने फटकळ. 'शिस्तप्रिय' म्हणजे घरातले टरकून असायचे. 'मनमिळाऊ' म्हणजे लिहिणाऱ्याला काही सुचलं नाही.

हे शेवटचं मी अनुभवाने सांगते. मावशी गेली तेव्हा चार ओळी मीच लिहून दिल्या. मनमिळाऊ, प्रेमळ, पश्चात दोन मुलगे, सुना, नातवंडं असा परिवार. मावशीचं कुणाशी सलग महिनाभर पटल्याचं मला तरी आठवत नाही. पण बिघडलेलं घड्याळ ती कुणाचंही घ्यायची, रात्र रात्र भिंग लावून खोलून बसायची, आणि मालकाशी अबोला असला तर दुरुस्त झालेलं घड्याळ गुपचूप त्याच्या दारात ठेवून यायची.

मजकूर छापून आला त्या दिवशी मावसभावाने तो दोनदा वाचला. मग पेपरची घडी घालत म्हणाला, "ताई, घड्याळांचं राहिलं गं."