आमची वाटचाल: पंप रिपेअरिंगपासून सरकारी ऑर्डरपर्यंत, आणि मधला तो पाच आकडी कोड

ठाण्यात वागळे इस्टेटला आमचा गाळा आहे, पंपांचे कंट्रोल पॅनेल, म्हणजे पंप चालू-बंद करणारे आणि मोटर जळू न देणारे बॉक्स, बनवतो. एमआयडीसीची राज्यातली पहिली वसाहत हीच, त्यामुळे शीट मेटलवाला, पावडर कोटिंगवाला, लेथवाला सगळे हाकेच्या अंतरावर, छोट्या माणसाला इथे धंदा उभा करता येतो. पण पॅनेल नंतर आले. मी आणि माझी ताई, आम्ही सुरुवात रिपेअरिंगने केली. घोडबंदर रोडच्या एखाद्या सोसायटीत पंप बंद पडला की फोन यायचा, जाऊन बघावं तर कॉन्टॅक्टर जळालेला, ओव्हरलोड रिले कुणीतरी बायपास करून ठेवलेला, खाली पंप रूममधे पावसाळ्याचं पाणी आणि वर सेक्रेटरी विचारतोय की टाकी कधी भरणार.

1 जुलै 2020 ला उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी ऑनलाइन नोंदणी, सुरू झालं तेव्हा आम्ही त्यात नोंद केली, सर्व्हिस म्हणून, एनआयसी कोड (कोणता धंदा करता ते सांगणारा सरकारी यादीतला नंबर) 33140, म्हणजे इलेक्ट्रिकल उपकरणांची दुरुस्ती. तेव्हा काम तेच होतं त्यामुळे कोडही बरोबर होता. पुढे जुन्या सोसायट्याच म्हणायला लागल्या की सारखं ठिगळ लावण्यापेक्षा नवीन पॅनेलच द्या, मग बसबार (पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या पट्ट्या) वाकवायचं मशीन घेतलं, इन्सुलेशन तपासायला मेगर आणि एचव्ही टेस्टर घेतला, दोन वायरमन पोरं कायमची ठेवली आणि हळूहळू आमचं स्वतःचं पॅनेल बाहेर पडायला लागलं. प्रायव्हेट कामात पेमेंट लांबायचं म्हणून जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, जायचं ठरलं.

पहिल्या बिडची कागदपत्रं ताई वाचत होती. ती हिशोब बघते, आणि टेंडरचं शेवटचं पानसुद्धा सोडत नाही. तिने मला हाक मारली, म्हणाली, "अरे, इथे लिहिलंय की ईएमडीची (टेंडरसोबत भरायच्या अनामत रकमेची) सूट मालासाठी फक्त मॅन्युफॅक्चररला आणि सेवेसाठी सर्व्हिस प्रोव्हायडरला, ट्रेडरला नाही. टेंडर पॅनेल सप्लायचं आहे आणि आपल्या सर्टिफिकेटवर दुरुस्ती आहे. आपण मॅन्युफॅक्चरर आहोत हे समोरच्याला दिसणार कुठून?"

मुद्दा पैशाचा होता. सरकारी खरेदीत ईएमडी साधारण 2 ते 5 टक्के असते, म्हणजे 10 लाखांच्या टेंडरला 20 ते 50 हजार निकाल लागेपर्यंत अडकून राहतात, आणि अशी तीन-चार टेंडर एकदम भरली की आमच्यासारख्याचं तांब्याचं पेमेंट थांबतं. शिवाय सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीची 2012 ची खरेदी पॉलिसी आहे, त्यात एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी रेट देणारी कंपनी, सूक्ष्म किंवा लघु उद्योग नसेल आणि तुमचा रेट तिच्यापेक्षा 15 टक्क्यांपर्यंत जास्त असेल तर एल-वनच्या रेटला यायची संधी तुम्हाला मिळते आणि आलात तर किमान 25 टक्के माल तुमच्याकडून घेतात. त्यांचा रेट 100 आणि आमचा 112 असला तरी आम्ही बाहेर पडत नाही, ही छोट्यांसाठी खरंच मोठी गोष्ट आहे. पण तिथेही अट तीच, माल स्वतः बनवणारा पाहिजे.

मग एनआयसी 2008 ची यादी उघडून बसलो. नुसतं शीर्षक बघून काही कळत नाही, कोडखालचं वर्णन वाचावं लागतं. 27104 च्या वर्णनात स्विच, फ्यूज, रिले यांच्यासोबत बोर्ड, पॅनेल, कन्सोल, कॅबिनेट हे शब्द सापडले, म्हणजे आमचंच काम. उद्यमच्या साइटवर ओटीपी टाकून तो कोड अॅड केला, फुकट होतं, एजंट लागला नाही.

तेव्हा एक कन्सल्टंट सांगत होता की पंप मॅन्युफॅक्चरिंग टाका, लाइट फिटिंग टाका, क्लीनिंगपण टाका, कोड जास्त असले की टेंडर जास्त. मला हे अजिबात पटत नाही आणि कुणी करूही नये. उद्यमला सेल्फ डिक्लरेशन चालतं, पण उद्या खरेदी अधिकारी गाळ्यात येऊन मशीन बघायला मागेल, कच्च्या मालाची बिलं मागेल, टेस्ट रिपोर्ट मागेल, तेव्हा पंप कुठे बनतो हे काय दाखवणार? आम्ही पंप विकत घेऊन देतो, ते ट्रेडिंग आहे, म्हणून नुसत्या पंपाच्या टेंडरला आम्ही ईएमडी भरतो आणि ती धरूनच रेट काढतो. वायरिंगच्या कामाचं पण तसंच, 4321 हा कोड बांधकामाच्या विभागात येतो आणि वर्क्स कॉन्ट्रॅक्टला ही पॉलिसी लागू नाही, तिथे इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर लायसन्स महत्त्वाचं.

अजून एक, सर्टिफिकेटवर प्रत्येक कोडसमोर तारीख छापून येते. बिड उघडायच्या आदल्या दिवशी घुसवलेला कोड कमिटीला लगेच दिसतो, म्हणून काम बदललं की तेव्हाच नोंद करावी. आणि बिलंसुद्धा जुळली पाहिजेत, पॅनेलच्या बिलावर एचएसएन (मालाचा जीएसटी कोड) 8537 आणि रिपेअरिंगच्या बिलावर सॅक (सेवेचा जीएसटी कोड) 9987, ताई दोन्हीच्या फाइल वेगळ्या ठेवते आणि बिडला पॅनेलच्याच ऑर्डर जोडते. परफॉर्मन्स सिक्युरिटी (ऑर्डर मिळाल्यावर हमी म्हणून ठेवायची रक्कम) मात्र सगळ्यांनाच भरावी लागते, तेवढे पैसे आधी बाजूला काढूनच आम्ही बोली लावतो.

पहिली ऑर्डर छोटी होती, पाणीपुरवठ्याच्या पंप हाऊससाठी स्टार डेल्टा पॅनेल. तपासणीला आलेल्या जेईंनी (ज्युनियर इंजिनियरनी) दरवाजा उघडून बसबारवरचे हीट श्रिंक स्लीव्ह, फेरूलचे नंबर आणि अर्थिंगची स्ट्रिप नीट बघितली आणि विचारलं, इथेच बनवता का? आमच्या वायरमनने त्यांना बाजूच्या टेबलावरचं अर्धवट पॅनेल दाखवलं.

आता रबाळ्याला दुसरा गाळा घेतोय. उद्यम नंबर एकच राहतो, त्यात नवीन युनिटचा पत्ता अॅड करायचा. मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारे पॅनेल तिथे बनणार, आणि त्यासाठी सॉफ्टवेअरचा एनआयसी कोड घ्यावा असं काही जण सुचवतायत. पण त्यातलं कंट्रोलर कार्ड आम्ही तयार विकत घेतो, आमचं काम पॅनेलचंच आहे, त्यामुळे तिथेही 27104 च राहील असं ताईचं आणि माझं ठरलंय.