डॅफ्निया टब, पावसाळी नोंद : माशाचा वास, अबेट आणि बचावाचा खर्च

माशांना खाऊ म्हणून पाळतात त्या डॅफ्नियाची, म्हणजे पाण्यातल्या बारीक उड्या मारणाऱ्या किड्याची, मॅग्ना ही मोठी जात. मे महिन्यात अर्धमेली झालेली माझी मॅग्ना आता रुळावर आली आहे. मानपाड्याच्या आमच्या गॅलरीत दुपारी टबातलं पाणी तिशीच्या वर गेलं की मॅग्ना मान टाकते, म्हणून उन्हाळाभर ती हॉलमध्ये टीव्हीच्या स्टँडखाली होती. पाऊस लागला तशी पुन्हा बाहेर आली. मोइनाला, म्हणजे तिच्या लहान नातलगाला, यातलं काहीच लागत नाही, ती बारा महिने गॅलरीतच मजेत असते. ज्यांना फक्त माशांच्या पिल्लांचं पोट भरायचंय त्यांनी ठाण्याच्या हवेत मोइनाच धरावी, या मतावर मी अजून ठाम आहे. मॅग्ना ठेवायची ती बघायला.

आणि यंदा बघण्यासारखं चाललंय. मागे लिहिलं होतं तसं एकाच मादीपासून वाढवलेलं कल्चर दोन टबांत वाटलंय. खाणंपिणं बरं असेल तर डॅफ्नियाला नर लागत नाही; लेकी होतात त्या सगळ्या आईची हुबेहूब नक्कल. म्हणजे दोन्ही टबांत जनुकं तीच, शिळं केलेलं नळाचं पाणी तेच, स्पिरुलिनाची चिमूटही तीच. 'ब' टबात रोज एक मग पाणी जातं झेब्रा डॅनिओंच्या टाकीतलं, ओढणीच्या कापडातून गाळून. 'अ' टबातही मगभरच, पण नुसती झाडं असलेल्या, मासे नसलेल्या टाकीतलं.

डॅनिओच का, घरात गप्पी असताना? माशाचा वास आला की डॅफ्निया दिवसा खोल पाण्यात जाते हे फार पूर्वीपासून माहीत होतं. हा वास नेमका कशाचा, ते कार्पच्या गोतावळ्यातल्या माशांपुरतं २०१९ मध्ये कळलं : ५-अल्फा-सिप्रिनॉल सल्फेट, म्हणजे पित्तातला एक क्षार. डॅनिओ, गोल्डफिश, रोहू हे त्या गोतावळ्यातले, गप्पी नाही. हे वाचल्यावर मला माशाचीच दया आली. चरबी पचवायला त्याला हे पित्त हवंच, आणि त्यातलं थोडं पाण्यात सुटणारच. लपून शिकार करायची तर पचनावर पाणी सोडावं लागेल! हा वास पाण्यातले जिवाणू लवकर खाऊन टाकतात, म्हणून रोज ताजा मग.

आता काय दिसतंय ते सांगते. सकाळी ऊन टबावर आलं की 'अ'मधल्या डॅफ्निया पाण्यात सगळीकडे उड्या मारताना दिसतात, 'ब'मधल्या तळाकडे सरकलेल्या असतात. पेट्री डिशखाली आलेख कागद ठेवून मोबाइलने फोटो काढले, तर 'ब'मधल्या माद्या लहान अंगाच्या असतानाच पाठीवरच्या पिशवीत अंडी धरतात. 'अ'मधल्या आधी अंग भरतात, मग अंडी. फोल्डस्कोपखाली, म्हणजे कागदी सूक्ष्मदर्शकाखाली, अशी एक 'ब'वाली पाहिली. आतड्याची हिरवी रेघ, पाठीशी धडधडणारं काळीज, आणि त्याच्या मागे पिशवीत दाटीवाटीने बसलेली पिल्लं. प्रत्येक पिल्लाला डोळ्याचा काळा ठिपका आलेला, एक तर आतल्या आत वळवळत होतं. आईचा आकार मात्र 'अ'मधल्या बिनअंड्याच्या पोरीएवढा.

जगभरच्या प्रयोगशाळांतही मॅग्ना माशाच्या वासाला असंच उत्तर देते. मासा डोळ्यांनी शिकार करतो आणि मोठा घास आधी उचलतो. तेव्हा लहान राहावं, लवकर व्यावं, अंधारात बसावं. यातलं काहीही फुकट नाही. तलावात खाली जायचं म्हणजे थंड पाणी आणि तुटपुंजी शेवाळं. लवकर व्यायचं म्हणजे पिल्लंही लहान, उपासमारीला कच्ची. फिटनेस म्हणजे पुढच्या पिढीत आपली किती पोरं उरली याचा हिशोब, आणि त्या हिशोबात बचावाचा प्रत्येक उपाय खर्चाच्या बाजूला लिहावा लागतो. माझ्या फूटभर खोल टबात हा खर्च जवळपास दिसत नाही, तळाशीही तेवढंच खाणं आणि तेवढीच ऊब. त्यामुळे दोन्ही टबांतून निघणारा माल गाळणीत सारखाच भरतो, यात मला नवल वाटलं नाही. बेट्टाची पिल्लं असणाऱ्यांसाठी एक फायदा आहे : 'ब'मधली नवी पिल्लं बारीक असल्याने त्या माशांच्या पिल्लांच्या तोंडात सहज मावतात.

याहून बहारदार गोष्ट मॅग्नाच्या नात्यातल्या पल्क्सची. काओबोरस नावाच्या एका माशीची काचेसारखी पारदर्शक अळी पल्क्सची पिल्लं धरून खाते. त्या अळीचा वास पाण्यात असेल तर पिल्लांच्या मानेमागे बारीक दाते उगवतात. अळीच्या पकडीत असं पिल्लू नीट बसत नाही आणि निसटतं. वास नसेल तर मान सपाट. दाते आलेली पिल्लं वयात यायला उशीर करतात, आणि चक्रवाढीने वाढणाऱ्या जिवाला तो उशीर महागात पडतो. खरी मेख पुढे आहे. अळीचं तोंड लहान, तिला मोठा घास झेपत नाही, म्हणून तिच्यासमोर मोठं होण्यात शहाणपण. आणि मासा तर मोठ्यालाच आधी टिपतो. एका शत्रूपासून वाचवणारं अंग दुसऱ्याच्या ताटात नेऊन ठेवतं. 'सगळ्यांपासून सुरक्षित' असं अंगच नाही, म्हणून तर वास घेऊन ठरवावं लागतं. तेही दर वेळी स्वतः नाही. अनुराग अग्रवाल, ख्रिश्चन लाफोर्श आणि राल्फ टोलरियन यांनी १९९९ मध्ये दाखवलं की डॅफ्नियाच्या आईला शत्रूचा वास लागला असेल तर तिची पोरंसुद्धा डोक्यावर जास्त उंच शिरस्त्राण घेऊन जन्मतात. त्याच निबंधात दुसरं उदाहरण रानमुळ्याचं आहे, म्हणजे झाडांनाही ही रीत ठाऊक आहे.

हे झालं वेळेपुरत्या बचावाचं. जनुकातच बदल होऊन आलेला बचाव असा काढून ठेवता येत नाही.

पावसाळ्यात पालिकेचे आरोग्य कर्मचारी डेंग्यूच्या अळ्या शोधत दारोदार फिरतात. यंदाही आले, टब पाहिले आणि बाटली काढलीच. "ताई, यात औषध टाकू का?" म्हटलं, "नको दादा, जाळी लावलीय बघा, आत पाळलेले किडे आहेत." त्यांनी टॉर्च मारून बराच वेळ पाहिलं, "हे उड्या मारतात ते डास नाहीत ना?" असं दोनदा विचारलं आणि गेले. सांगायचा मुद्दा, जाळी लावाच. ते औषध टेमेफॉस, आपण ज्याला अबेट म्हणतो ते. ते मज्जातंतूंतल्या ज्या एन्झाइमवर घाव घालतं ते डासातही आहे आणि डॅफ्नियातही. थेंबभरात टब संपतो.

डास मात्र या औषधवर्गाला सरावलेत. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, माँपेलिएच्या बाजूला, १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून क्युलेक्स डासांवर ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे टेमेफॉसच्याच वर्गातली औषधं, फवारली गेली. तिथल्या डासांत एक उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बदल, पसरलं ज्याने ते एन्झाइम विषाला दाद देईनासं झालं. पण बदललेलं एन्झाइम स्वतःचं रोजचं काम मंद करतं. म्हणून फवारणीच्या किनारपट्टीत प्रतिकारी डास भरपूर, आणि जसजसं आत बिनफवारणीच्या भागात जावं तसतसे ते कमी. हिवाळा झोपून काढणाऱ्या माद्यांतही त्यांचं प्रमाण घटतं. विष नसलेल्या जागी प्रतिकार नुसता ओझं होतो.

माझ्या माहेरी, यवतमाळकडे, कपाशीत याच गणिताचा आधार घेतला होता. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटीची पुडी यायची, ती कडेने लावायची. म्हणजे तिथे साध्या बोंडअळ्या जगतील, त्यांचे पतंग प्रतिकारी पतंगांशी जुळतील आणि प्रतिकार विरळ राहील. ती पुडी बांधावर पडलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे. २०१७ मध्ये बीटीला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीने विदर्भात कपाशीची काय नासाडी केली ते सगळ्यांना आठवत असेल.

आता ज्यासाठी ही नोंद लांबवली तो विषय. शेपटी सडली, कल्ले लाल झाले की आपल्यातले बरेच जण टेट्रासायक्लिनची कॅप्सूल सरळ टाकीत फोडतात. वर ठरलेला युक्तिवाद : "प्रतिकार जिवाणूंना जड जातो, औषध बंद केलं की चार महिन्यांत पुन्हा साधे जिवाणूच माजतात." अर्धं खरं आहे, वरचे डास त्याचीच साक्ष देतात. उरलेलं अर्धं ई. कोलायच्या प्रयोगात सापडतं. स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणाऱ्या ई. कोलायमध्ये रायबोसोमचं, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचं, एक प्रथिन बदललेलं असतं, त्यामुळे प्रथिनं बनवण्याचा वेग घटतो आणि वाढ मंदावते. स्टेफनी श्राग, व्हेरोनिक पेरो आणि ब्रूस लेव्हिन यांनी असे जिवाणू औषधाशिवाय वाढू दिले. अपेक्षा अशी की ते प्रतिकार सोडतील. त्यांनी सोडला नाही. दुसरीकडे कुठेतरी आणखी एक उत्परिवर्तन झालं आणि त्याने गेलेला वेग भरून काढला. १९९७ च्या निबंधात त्यांनी पुढचं दाखवलं : अशा भरपाई झालेल्या जिवाणूत जुनं, साधं जनुक परत घातलं तर तो उलट कमजोर ठरतो. मागे फिरायच्या वाटेवरच खड्डा. फ्रान्सच्या डासांनीही तसंच काहीसं केलं, त्या एन्झाइमच्या जनुकाची दुप्पट प्रत करून एक प्रतिकारी आणि एक साधी अशी जोडी बाळगली.

तेव्हा 'खर्च आहे म्हणजे प्रतिकार आपोआप जाईल' हे धरून टाकीत कॅप्सूल फोडू नका. आजारी मासा वेगळ्या टबात काढा, पाणी बदला, आधी मीठ. माझ्या टाक्यांत बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर औषध त्या छोट्या टबात द्या, ठरलेल्या मात्रेत आणि पूर्ण दिवस. ते पाणी झाडांच्या टाकीत ओतायचं नाही हे वेगळं सांगायला नको.

मेमधल्या पडझडीत एक मिळकत झाली. हाल सुरू झाले की मॅग्ना नर काढते आणि खोगिरी अंडी टाकते. काळी, चिवट डबी, आत दोन अंडी. तळातून निवडून कॉफी फिल्टरवर वाळवलीत. अशीच अंडी बेल्जियममधल्या एका तळ्याच्या गाळातून थराथराने काढून, उबवून, २००७ मध्ये एलेन डेकास्टेकर आणि सहकाऱ्यांनी जुन्या डॅफ्नियांची गाठ जुन्या-नव्या पास्तुरिया जिवाणूंशी घालून दिली होती. हा जिवाणू मादीला वांझ करतो. प्रत्येक काळातली डॅफ्निया मागच्या किंवा पुढच्या थरातल्या जिवाणूपेक्षा तिच्याच काळातल्या जिवाणूला जास्त बळी पडत होती. दोघंही सतत बदलत राहिले आणि कायमचं पुढे कुणीच गेलं नाही.

माझ्या फिल्टरवरची अंडी थंडीत भिजवणार आहे. यांच्यात नराचा वाटा आहे, म्हणजे पोरं एकसारखी नसतील. त्यातली कुठली डॅनिओच्या वासाला जास्त घाबरते आणि कुठली बेफिकीर राहते ते बघायचंय.

कुणाकडे खात्रीचं पल्क्स असेल तर हवंय, बदल्यात मॅग्ना किंवा मोइना, जे म्हणाल ते. तळ्याचं कच्चं पाणी नको, उपवनच्या पाण्यातून मागे एकांकडे हायड्रा, म्हणजे डॅफ्निया खाणारे बारीक जीव, आले ते अजून निघालेले नाहीत. रविवारी सकाळी तलावपाळीला भेटू. बाटली अर्धीच भरा, वर हवा राहू द्या, आणि रिक्षात उन्हाच्या बाजूला ठेवू नका.