दोन्ही कान दिसायला हवेत

"थांब रं, आधी कान भाईर काढू दे."

डोळ्याला लावलेला कॅमेरा मी खाली घेतला. आजींनी पदर मागं सारला, तांब्यातलं पाणी तळहातावर घेऊन केस चापूनचोपून बसवले आणि पदर पुन्हा डोक्यावर घेतला, पण या खेपेला दोन्ही कानांच्या मागून. मग पाठ ताठ केली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि थेट भिंगात बघत म्हणाल्या, "हां. आता काढ."

ही 2023 ची वारी. माउलींची पालखी बरडहून नातेपुत्याला निघाली होती. वाटेत धर्मपुरी लागतं, तिथं सातारा जिल्हा संपून सोलापूर सुरू होतो. त्या साली पावसानं फार ओढ दिली होती. आळंदी सोडल्यापासून अंगावर नीट सर आली नव्हती, टँकरभोवती हंडे-कळश्यांची गर्दी हटत नव्हती, आणि दहा वाजले की डांबर चपलेतून जाणवायचं. आम्ही दोघं एका दिंडीच्या मालट्रकच्या सावलीला बसलो होतो. या फोटोची वेळ आजींनी तीन दिवस आधीच ठरवून ठेवली होती.

त्याआधी माझं थोडं सांगायला हवं. मी पुण्यात नोकरी करतो, आणि कितीतरी वर्षं माझी वारी म्हणजे दिवे घाटातली एक सकाळ होती. एकादशीला पालखी पुण्याहून सासवडला जाते, तीसेक किलोमीटरची मजल. आम्ही पहाटेच मोटारसायकली घेऊन घाट गाठायचो, वरच्या वळणावर जागा धरायची आणि लांब पल्ल्याची लेन्स लावून खालून येणारी माणसं टिपायची. असाच एकदा एक म्हातारबुवा टिपला होता. उपरण्यानं तोंड पुसताना दोन बोटांच्या फटीतून त्यांचा एक डोळा दिसत होता. फोटोचं खूप कौतुक झालं. आई मात्र तो बराच वेळ बघत राहिली आणि तिनं विचारलं, "हे कुठले रे?" मला सांगता येईना. गाव नाही, नाव नाही, त्यांची दिंडी कोणती तेही नाही. त्यांच्या चेहऱ्यावर मला शाबासकी मिळत होती आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मी इतका शरमलो की पुढच्या साली लांब पल्ल्याची लेन्स घरी ठेवली, एका दिंडीत जेवणखाणाची भिशी भरली आणि 50 मिलिमीटरची एकच लेन्स घेऊन आळंदीहून चालत निघालो. या लेन्सनं चेहरा घ्यायचा तर माणसापासून हातभरावर जावं लागतं, आणि हातभरावर गेल्यावर बोलावंच लागतं.

तरी खोड जात नाही. लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाचा लिंब लागतो, तिथं वाटेतलं पहिलं उभं रिंगण होतं. दिंड्या रस्त्यावर दुतर्फा उभ्या, मधून अश्व धावत गेला आणि त्याच्या टापांखालची माती घ्यायला माणसं वाकली. माझ्या अगदी पुढ्यात एक म्हातारी बाई होती. तुळशीवृंदावन एका हातानं डोक्यावर सावरलेलं, दुसऱ्या हातानं माती उचलून तिनं कपाळाला लावली, आणि डोळे मिटून, तोंड अर्धवट उघडं ठेवून ती तशीच उभी राहिली. मी तीन वेळा कळ दाबली. तिसऱ्या आवाजाला तिनं डोळे उघडले.

"काढलास?"

"हो, माउली."

"दाखीव."

मी मागचा पडदा तिच्यापुढं धरला. डोळे बारीक करून तिनं नीट पाहिलं आणि मान हलवली. "ही न्हाई मी. तोंड वासलेलं, डोळं झाकल्यालं. मेल्यालं मानूस दिसतंय." मी कानकोंडा झालो. पण ती रागावली नव्हती. "काढायचा तर नीट काढ. आज नगं. आज तोंड धुतलं न्हाई, लुगडं बी मळलंय. आमी रथामागं असतो." तिनं दिंडीचा क्रमांक सांगितला आणि तुळस सावरत ती पुढं निघून गेली.

वारीत क्रमांक हाच पत्ता असतो. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला जी शिस्त लावली ती अजून मोडलेली नाही. सत्तावीस दिंड्या रथापुढं, बाकीच्या रथामागं, आणि चालताना कोणी जागा सोडायची नाही. दिंडीतही पुढं पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणेकरी, आणि त्यांच्यामागं तुळस डोक्यावर घेतलेल्या बाया. लाखोंच्या गर्दीत मला आजी सापडल्या त्या क्रमांकामुळंच. फलटणचा मुक्काम आटोपून बरडच्या वाटेला लागलो, तेव्हा मी माझ्या दिंडीतून मागं येऊन त्यांच्याजवळ चालायला लागलो.

आजी बीड जिल्ह्यातल्या. फलटण सोडल्यावर दोन्हीकडं ऊस लागतो. त्यांनी डोक्यावरची तुळस न हलवता नुसते डोळे तिकडं फिरवले आणि म्हणाल्या, "खोडवा हाय." खोडवा म्हणजे तोडणीनंतर जुन्या खोडातून पुन्हा फुटलेला ऊस. नंतर बराच वेळ बोलल्या नाहीत. मग आपणहून सांगायला लागल्या. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची, पाडव्याच्या आगंमागं माघारी. नवरा-बायको मिळून एक कोयता. हा तोडणार, ही मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरणार. पहाटे तीनला फडात, आणि कोपीत लेकरं एकमेकांना सांभाळतायत. "ह्या सडकेच्या अंगानं कैक पट्टे केले बाबा. तवा डोस्क्यावर मोळी असायची, आता तुळस हाय." मालक गेल्यावर कोयता मोडला आणि त्या सालापासून त्यांनी वारी धरली. वारी सासऱ्यांपासूनची घरातच होती, पण ऊसतोडीची उचल फेडता फेडता ती मध्ये तुटली होती.

मी फोटोचा विषय काढला तेव्हा त्यांनी हिशेब सांगितला. जन्मात तीन फोटो. एक मतदानाच्या कार्डाचा, एक आधारचा आणि एक श्रावणबाळच्या पगारासाठी बँकेच्या पुस्तकावर चिकटवलेला. लग्नात फोटो नव्हता. मालकांचा एकच होता, तोही कार्डावरून मोठा करून घेतलेला. आधारचा कागद बघून नातवानं विचारलं होतं, "आज्जे, ही कोन?" कोयता आणि पाचट यांनी बोटांच्या रेघा इतक्या झिजल्यात की रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही. दरसाल हयातीचा दाखला द्यायचा, तिथंही तोंड दाखवायला जायचं. तालुक्याच्या फोटोवाल्यानं एकदा बजावलं होतं की दोन्ही कान दिसायला हवेत, नाहीतर फोटो चालत नाही. ते त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. कान दिसले की फोटो खरा.

धर्मपुरीजवळ विसावा झाला. वारकरी कालव्यात उतरले, आजीही तोंड धुवून, घडीचं लुगडं नेसून आल्या. बारा वाजत आले होते. चेहऱ्याचा फोटो घ्यायला याहून वाईट वेळ नाही. ऊन माथ्यावर असलं की डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो आणि नाकाखाली काळा डाग पडतो. म्हणून त्यांना ट्रकच्या सावलीत, कडेला बसवलं. समोर दोरीवर कोणाची तरी धुतलेली धोतरं वाळत होती. त्या पांढऱ्या धोतरांवर पडलेलं ऊन परतून थेट आजींच्या तोंडावर येत होतं, मऊ आणि सगळीकडून सारखं. स्टुडिओत एवढ्यासाठी केवढा खटाटोप करावा लागतो. तोंडावरची एकेक सुरकुती दिसत होती, पण एकही बोचत नव्हती. दोन्ही बुबुळांत धोतराचा बारीक पांढरा चौकोन आला होता.

केस बसवून झाल्यावर त्यांचा हात कानाकडं गेला. पाळ्या लोंबलेल्या, आणि भोकं बुजू नयेत म्हणून त्यांत लिंबाची काडी घातलेली. तांदळाच्या दाण्याएवढी, वापरून काळी पडलेली.

"काडी ठिवू का काढू?"

"राहू दे आजी. छान दिसते."

"छान कशानं? फुलं मोडली मालकाच्या दुखण्यात, तवापासून काडीच हाय." पण काढली नाही.

मी लेन्स 2.8 वर आणली, म्हणजे दोन्ही डोळे स्वच्छ येतात आणि मागचं सगळं विरून जातं. फोकस जवळच्या डोळ्यावर धरला. माझ्या तोंडून निघून गेलं, "आजी, जरा सैल बसा. मघाशी बोलत होता ना, तसं." त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी गप्प झालो. त्या बसल्या होत्या तशाच राहिल्या. श्वास रोखलेला, ओठ मिटलेले, नजर समोर. मी पाच फोटो काढले. बाजूला बसलेल्या बायांची कुजबूजही थांबली होती. समाजआरतीच्या वेळी चोपदारानं चोप वर केला की हजारो टाळ एकदम गप्प होतात, तशी शांतता त्या एवढ्याशा सावलीत होती.

"झालं?"

"झालं."

त्यांनी पडदा बघायला मागितला नाही. "कागदावर दे," एवढंच म्हणाल्या आणि तुळस उचलली. वृंदावन डोक्यावर चढवताना मला खालून हात लावायला सांगितलं. ते किती जड असतं हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

घरी आल्यावर दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले. एक चांदोबाच्या लिंबाचा, मिटलेले डोळे आणि कपाळावर माती. दुसरा धर्मपुरीचा, ताठ बसलेली आणि दोन्ही कान दिसणारी आजी. फोटोची जाण असलेल्या मित्रांना विचारलं, सगळ्यांनी पहिल्यावर बोट ठेवलं. त्यात भाव आहे म्हणाले, दुसरा पासपोर्टचा वाटतो. मी पुष्कळ दिवस दोन्ही बघत होतो. पहिल्या फोटोत मला काय हवं होतं ते आहे. वारीतली म्हातारी म्हटल्यावर शहरातल्या माणसाला जे बघायचं असतं, ते सगळं त्यात आहे. दुसऱ्यात एका बाईनं तीन दिवस विचार करून, तोंड धुवून, घडीचं लुगडं नेसून, आपण कसं दिसायचं ते ठरवलं आहे. ऊस तोडणारी म्हणून नाही, निराधार म्हणून नाही, भक्तीत बुडालेली म्हणूनसुद्धा नाही. पहिला फोटो "ही न्हाई मी" असं म्हणून तिनं माझ्या तोंडावर नाकारला होता. तो मी कोणाला पुन्हा दाखवला नाही. धर्मपुरीचा आठ बाय बारावर, चकाकी नसलेल्या कागदावर छापून घेतला आणि मागं माझं नाव व फोन नंबर लिहिला.

2023 ला अधिक श्रावण आल्यामुळं 2024 ची आषाढी अठरा दिवस पुढं गेली, 17 जुलैला आली. या वेळी पाऊस होता. फोटो दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून त्यावर प्लास्टिकच्या दोन पिशव्या बांधल्या आणि आळंदीपासून पाठीवर नेला. दिवे घाट चढताना पावसात मी कॅमेऱ्यापेक्षा त्या पुठ्ठ्यालाच जपत होतो. सासवडला पालखी दोन रात्री असते. पहिल्याच संध्याकाळी चिखल तुडवत, विचारत विचारत त्यांच्या दिंडीच्या राहुट्यांपाशी पोचलो. हरिपाठ नुकताच संपला होता. कडेला तेच वृंदावन ठेवलेलं, पितळी कडीची एक बाजू चेपलेली, मी ओळखलं. शेजारी आजी नव्हत्या. पस्तिशीतली एक बाई तिथं बसून पायाला तेल चोळत होती.

माझ्या पोटात गोळा आला. तिनं माझ्या हातातलं पुठ्ठं बघितलं, मला बघितलं, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "फोटोवाले भाऊ का? आत्याबाईंनी सांगितलंय, एक जण येईल म्हणून. त्यांचे गुडघे धरलेत. यंदा तुळस माझ्याकडं दिली."

पिशव्यांच्या गाठी सुटेनात, तिनं दातानं सोडल्या. फोटो बाहेर काढला तशा बाया भोवती जमल्या. कोणीतरी बॅटरीचा उजेड धरला. सून बराच वेळ काही बोलली नाही. मग पदराला हात पुसून तिनं फोटोला एकच बोट लावलं, चेहऱ्याला नाही, लुगड्याच्या काठाला. "हे लुगडं माझ्या माहेरचं," म्हणाली. पुठ्ठं पुन्हा बांधलं आणि ट्रकमध्ये स्वतःच्या वळकटीत, कोरड्या कपड्यांच्या मधोमध ठेवलं. तिथून पुढं पंढरपूरपर्यंत रोज संध्याकाळी मी त्या राहुटीवर चक्कर टाकायचो आणि ती लांबूनच हात करायची, कोरडं आहे म्हणून.

पौर्णिमेला काला झाला, माणसं गावोगाव परतली. त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी कामावर असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडं गडबड, कोंबड्यांचा आवाज, आणि सून सांगतेय, "असं धरा, हितं बोला."

"कोन? फोटोवाला लेकरू का?"

"हो आजी. मिळाला का?"

"मिळाला. भितीला लावलाय, मालकाच्या शेजारी." मग थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. "दिसत्यात रं. दोनी कान दिसत्यात."

"मग, चांगला आलाय ना?"

"चांगला हाय. काडी तेवढी काढायला पायजे व्हती."